बरणीवरचं पान

अख्ख्या जिल्ह्यात दगडाच्या झाडाला पाणी घालणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. भूमच्या पुढं एका माळावर फार जुन्या काळची झाडं दगड होऊन पडलीत, खडकात पानांचे ठसे आहेत. सरकारनं भोवती तार ओढली आणि याला राखणीला ठेवलं. रोज सकाळी हा त्या ठशांवर तांब्यानं पाणी ओततो. ओल्या दगडात पानाच्या शिरा उठून दिसतात हे खरं, पण विचारलं तर म्हणतो, "दाजी, उन्हाळ्यात कोमेजत्यात." आडव्या खोडावर कुणाला टेकू देत नाही. एकदा एक मोठे साहेब दमून बसले, तर त्यांनाही उठवलं. "उठा साहेब, म्हातारं हाय ते." जाताना माणसाला चपला झटकायला लावतो, खडासुद्धा तारेबाहेर जाता कामा नये. मी त्याला तोंडावर येडा म्हणतो. तो हसतो.

बायको गेल्यापासून माझ्याकडं फिरकणारा तोच एक. बाजाराच्या दिवशी यायचा, बहिणीच्या हातचं उरलेलं लोणचं भाकरीवर घेऊन खायचा. एकदा मी तव्यापाशी अडकलो होतो, म्हणून फोड काढायला तोच उठला. बरणीच्या झाकणावरचा चपटा दगड उचलून उलटा केला. खाली पानाचा ठसा.

"दाजी, ह्यो माळावरचा."

"तुझ्या बहिणीनं आणलाय. तवा तुझी तार नव्हती."

"आता हाय की."

"हात लावू नको. तिचं एवढंच राहिलंय माझ्यापाशी."

भाकरी तशीच ठेवून गेला. पुढच्या बाजारी आलाच नाही. त्याच्या वाटणीची भाकरी कुत्र्याला घातली. मग दगड पिशवीत टाकला, बरणी काखेत मारली आणि माळाकडची एसटी धरली.

त्यानं दगड घेतला, सवयीनं वर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. इतकी वर्षं तिचे लोणच्याचे हात लागून दगडात तेल मुरलेलं. पान काळंभोर, शीर न् शीर दिसत होती. बघतच राहिला गडी.

"अक्कानं माझ्यापरीस चांगलं संभाळलं," म्हणाला. दगड बाकीच्या पानांशेजारी ठेवला आणि खोडाकडं हात केला. "बसा दाजी."

"म्हातारं हाय ना ते?"

"तुमी बी हाव."

तिथंच बसून दोघांनी त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, तिच्या लोणच्याबरोबर. आता बरणीवर ओढ्यातला साधा दगड ठेवलाय. पान नाही त्याच्यावर. तेल मुरायलाही वेळ लागेल.