दोन भावंडं, दोन चाळे

साखरा गावात रुक्माबाईंच्या सोवळ्याला तोड नव्हती. पण सून आली चांगुणा, आणि सासूच मागे पडली. देवाची भांडी ती चिंचेनं घासायची, धुवायची, धुतलेली पुन्हा धुवायची. “अशी सून मिळायला पुण्याई लागते,” असं रुक्माबाई एकादशीच्या भजनाला बायकांना ऐकवायच्या.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र नैवेद्याला दुपार टळू लागली. चांगुणेच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं, तरी ताम्हन हातातून सुटेना.

“माय, हिचा भाऊ जळबा बी असाच,” मुलगा सोनाजी वैतागून म्हणाला. “दिवसभर एकच चाळा. रगतातच येड हाये. पुसेगावला माहेरी नेऊन सोडतो हिला, कायमची.”

“थांब जरा. मी त्याला बघून येते आधी.”

पुसेगावात पंचविशीचा जळबा ओसरीवर हळकुंडं ओळीनं मांडत बसला होता. जन्मापासून त्याला धड बोलता येत नव्हतं. ओळ पुरी झाली की मोडायची, परत मांडायची. पण चेहरा कसा? न्हाऊ घातलेल्या लेकरासारखा निवांत. रुक्माबाईंना सुनेचा ओढलेला चेहरा आठवला.

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, “खरं सांग, धुताना बरं वाटतं तुला?”

“न्हाई, आत्याबाई.”

“मग ताम्हन घाण दिसतं?”

“लख्ख दिसतं. कळतं मला. पण खाली ठेवलं की वाटतं, विटाळ ऱ्हायला आन् त्यापायी तुमच्या लेकाला काई झालं तर? धुतलं की घडीभर थांबतं. मंग पुन्हा तेच.”

इतके दिवस आपण मिरवलं ते सोवळं नव्हतंच!

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “भावाचं जन्मापासूनचं आहे, त्यात त्याला सुख आहे. हिचे हात भीतीपायी चालतात. चाळा सारखा दिसला म्हणून रोग एक होत नाही. गोळ्या देतो. पण बाई, ‘स्वच्छ आहे गं’ असं तुम्ही तिला किती वेळा सांगता?”

“पन्नासदा तरी.”

“ते बंद करा. भीती त्यावरच पोसते.”

दुसऱ्या दिवशी ताम्हन एकदा धुऊन होताच रुक्माबाईंनी ते काढून घेतलं, देव मांडले, पाणी घातलं.

“समदं निघालं का, आत्याबाई? सांगा की!” चांगुणा ताम्हनाकडे हात नेत होती.

ओठावर आलेलं ‘स्वच्छ आहे गं’ रुक्माबाईंनी गिळलं. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून नाम घेत राहिल्या.

सोनाजी दारात आला. “गाडी जुंपू का मंग?”

“जुंप की. हळद न्यायचीय बाजारात. सून हितंच राहील.”