आमचा भोंगा विजापुरात

माझ्या बायकोला आळीत सगळे भोंगा म्हणत. गिरणीचा भोंगा एखाद दिवशी चुकला तर हिच्या हाकेवर पाळी भरेल, असा आवाज. दुधनीकडची होती, आवाज जन्माचाच. शेजारीण म्हणायची, "अगं, हळू बोल की, भिंतीला तडा जाईल." ही म्हणायची, "जाऊ दे, घर भाड्याचंच हाय."

एवढा आवाज, पण माझं नाव कधी त्यातून निघालं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, ही तिची पक्की समजूत. माझं नाव म्हादेव. म्हणून देवळातल्या देवालासुद्धा ती 'पिंडीवाले' म्हणायची. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर अर्ध्यावर आली आणि पदर तोंडात कोंबला. माझे आईबाप लहानपणीच गेलेले, गिरणीत मुकादम 'ए मागवाल्या' करायचा. हिच्या तोंडून एकदा तरी नाव ऐकावं, असं मला लई वाटायचं. मागे लागलो की म्हणायची, "तुमाला जगायचं न्हाय का?"

एका साली कारहुणवी, म्हणजे तिकडची ज्येष्ठातली बैलांची पुनव, शनिवारी आली. मी खाडा केला, रविवार जोडला आणि आम्ही होटगीला गाडी बदलून विजापूरकडे तिच्या मावशीच्या गावी निघालो. नवराबायको दोघंच हिंडायला चालली म्हणून आळी हसली. ही म्हणाली, "मग काय शेजारणीला संगं नेऊ?"

कारहुणवीला तिकडे बैलांची शर्यत असते. रंगवलेले बैल वेशीकडे पळवायचे. पांढरा आधी पोचला तर ज्वारी पिकणार, तांबडा पोचला तर तूर. मावशीच्या घरचा पांढरा बैल नावाजलेला होता. सकाळी हिनं त्याला हाक मारमारून गूळभाकरी चारली. दुपारी शर्यत सुटली, पांढरा सगळ्यांच्या पुढे. वेस जवळ आली आणि हिला राहवेना. कठड्यावर चढून ओरडली, "चल रं माझ्या राजा!" बैलानं हाक ओळखली. थांबला, वळला आणि गर्दीतून सरळ हिच्यापुढे येऊन गुळासाठी तोंड वर करून उभा राहिला. तांबडा वेशीतून गेला.

एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, "सगळ्या गावाची ज्वारी बुडवली की या पाव्हणीनं!"

"मग तूर खावा की यंदा!" ही म्हणाली.

मावशीचे मालक रागानं लाल झाले होते, पण तेच आधी हसले. म्हणाले, "बैलाला बोल लावू नगा. त्या हाकेला मी बी थांबलो असतो."

रविवारी विजापूर पाहिलं. इब्राहिम रोजातली दगडी जाळी बघून मला म्हणाली, "असली नक्षी तुमच्या मागावर काढा की एकदा." मग गोल घुमट. अंधारा जिना चढून वरच्या सज्जात गेलो. तिनं 'ओ' केला, तर घुमटानं सात-आठदा 'ओ' दिला. ती एवढी खूश झाली, की म्हणाली, "हितं मला जोडीदार गावला!"

तिथल्या राखणदारानं सांगितलं, "भिंतीला तोंड लावून हळू बोला, पार पलीकडे कान लावला तर ऐकू येतं." तिचा विश्वास बसेना. "यवढ्या लांब? थापा मारतोय." मला पलीकडे पिटाळलं. मी भिंतीला कान लावला. समोर ती अंगठ्याएवढी दिसत होती. कुणाला ऐकू जाणार, असं समजून ती जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. दगडातून माझ्या कानात आलं, "म्हादेवा... लई चांगला हाईस रं."

मी वळसा घालून परत आलो. म्हणालो, "काय बी ऐकू आलं न्हाय. परत बोल."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "खोटं! कान लाल झाल्यात तुमचं!" आणि पदरात तोंड घालून अशी हसली, की घुमटही हसत सुटला. मग एकदम तिनं हात जोडले आणि पिंडीवाल्याची माफी मागितली.

त्यानंतर तिनं नाव घेतलं नाही. गेल्या पौषात गेली, तेव्हाही "अवो, जेवून घ्या" एवढंच म्हणाली. एकदा घेतल्यानं माझं आयुष्य काही घटलं नाही, अजून चाललंच आहे. रोज घेतलं असतं तर बरं झालं असतं. दोघं बरोबर गेलो असतो.