आतोबांचे कढत पाण्यातले वाचक

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आधी पुस्तक आणि मग वाचक हा जगाचा क्रम भिवंडीत एका गृहस्थाने उलटा करून दाखवला, आणि ते गृहस्थ माझ्या आत्याचे यजमान होते. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास ते नारपोलीत एका लूमच्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबाचे कारकून, होते. दिवसभर कापडाचे तागे मोजायचे आणि घरी येऊन कादंबरी लिहायची, असा त्यांचा संसार. कादंबरी पुरी झाली तेव्हा ठाण्याच्या एका प्रकाशकाने ती चाळून म्हटलं, “लिहिलंय बरं. पण तुम्हाला ओळखतो कोण? आधी वाचक दाखवा, मग बघू.” दुसरा कोणी याला नकार समजून गप्प बसला असता. आतोबांना वाटलं, शेठ व्यापाऱ्याला कापडाचा नमुना दाखवतो, तसाच हा वाचकांचा नमुना मागतोय.

ते कामाला लागले. घरी आलेल्या पाहुण्याला कादंबरीचं एक प्रकरण ऐकून संपेपर्यंत चहा मिळेना. आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, “अहो, ती सुमन रडून झाली का? दूध टाकू?” पाहुणे यायचे थांबले, तेव्हा आतोबांनी कारखान्यात वाचन सुरू केलं. पण लूमच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही. त्यामुळे ‘सुमन त्याच्या कानाशी हळूच पुटपुटली’ हे वाक्य शेजारच्या तीन कारखान्यांना कळलं. एक कारागीर धागा जोडता जोडता म्हणाला, “मेहताजी, जरा धीरे. लडकी का बाप सुन लेगा.”

अखेर त्यांना अकलोलीची गरम पाण्याची कुंडं सापडली. सुट्टीच्या दिवशी वज्रेश्वरीची एसटी धरायची आणि सांधे शेकायला उतरलेल्या लोकांसमोर, काठाच्या पायरीवर बसून वाचायचं. गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसलेला माणूस सहसा उठून जात नाही, आणि उठलाच तरी ओल्या पंच्यात फार लांब पोचत नाही, हे आतोबांनी बरोबर हेरलं होतं. हळूहळू गुडघेदुखीवाली माणसं गुडघे बरे झाले तरी यायला लागली. पाण्यातून बिनधास्त शेरे यायचे. “मेहता, हा सुमनचा नवरा काय कामाचा न्हाय.” “हाय रं कामाचा, आईला भितो एवढंच.” आतोबा खूश होऊन त्या नवऱ्याला घरी जाऊन सुधारायचे.

मग त्यांनी प्रकाशकाला बोलावलं आणि एकच चूक केली. आदल्या खेपेला सगळ्यांना बजावून ठेवलं, “मोठा माणूस येतोय. शिस्तीत बसा.” त्या भल्या माणसांनी ऐकलं. मीही पाण्यात होतो, म्हणून सांगतो, कुणाच्या दहाव्यालासुद्धा लोक इतके शांत बसत नाहीत. प्रकाशक पँट दुमडून, पाय पाण्यात सोडून ऐकत होता. सासरच्यांनी माहेरी टाकलेल्या सुमनच्या दारात तिचा नवरा येऊन उभा राहतो, तिथे आतोबा नेहमीप्रमाणे शेऱ्यांसाठी थांबले. कुणी हूं की चूं केलं नाही. प्रकाशकाने पाय पुसले, मोजे उचलले आणि म्हणाला, “ठीक आहे. पुढच्या वर्षी भेटू कधीतरी.” आतोबांनी कागद गोळा केले. वाफेने चष्मा धुरकटला होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, बायकांच्या कुंडातून, एका म्हातारीचा आवाज आला. तिकडे कुणी ऐकत असेल हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. प्रकाशक हातात मोजे घेऊन परत पायरीवर बसला, आणि वर्षभरात पुस्तक निघालं. ते फार खपलं नाही. आतोबा पुढे दुसरं काही लिहू शकले नाहीत, आता तर तेही नाहीत. ती बाई कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी दोनतीनदा चौकशी केली, पण त्या दिवशी पलीकडे बऱ्याच जणी होत्या म्हणे. पुस्तकाविषयी कुणी दोन बरे शब्द बोललं की ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि त्या बाईचं वाक्य तिच्याच ठसक्यात म्हणून दाखवायचे:

“अवं बाबा, थांबलाव का? तो तिला नेतो का न्हाय ते सांगा आधी, आमी मगासपासनं उकडत बसलोय हितं.”