पहिलं ताट

सगळी गल्ली त्याला ठिणगी म्हणायची. वेल्डिंगच्या धंद्यामुळे म्हणतात, असा त्याचा समज. बायको म्हणायची, "धंद्याचा काय संबंध? तोंड उघडलं की कुणाला तरी चटका बसतोच." जाळी जरा तिरकी लागली तर गिऱ्हाईकाच्या नजरेला पडायच्या आत स्वतःलाच शिव्या घालत कापून काढायचा. फुकटचं मात्र त्याला चालत नसे, चहासुद्धा.

घरात वडिलांपासूनची एक रीत होती. सणाला पहिलं ताट गरजवंत शेजाऱ्याकडे जायचं आणि ते कर्त्यानंच न्यायचं. तोवर घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. बावीस वर्षं ते ताट वरच्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या नर्सबाईंकडे जात होतं. ठिणगी कडी वाजवायचा, ताट हातात द्यायचा, "गरम आहे तोवर घ्या," म्हणायचा आणि लगेच जिना उतरायला लागायचा. आभार ऐकायला थांबायचं नाही, यातच आपला मोठेपणा आहे असं त्याला वाटे.

यंदा लोखंडी गेट पायावर पडलं. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये आणि दुकानाला कुलूप. सणाला बायकोनं होतं नव्हतं त्यात भात-भाजी केली आणि म्हणाली, "ताट पोरगी देऊन येईल."

"का? मी मेलोय?" तो खेकसला. यंदा ताट स्वतः नेलं नाही तर आपण संपलो, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात ताट. चौथ्या पायरीवर त्याला धाप लागली, आणि तेवढ्यात वरून नर्सबाई उतरताना दिसल्या. त्यांच्याही हातात झाकलेलं ताट होतं.

"तुमच्याकडेच निघाले होते," त्या म्हणाल्या. "वहिनींची ओढाताण चाललीय, दिसतंय मला."

ठिणगीचं डोकंच फिरलं. "मी काय भिकारी झालो? न्या ते परत! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

नर्सबाई जागच्या हलल्या नाहीत. "मग मी बावीस वर्षं कोण होते?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? पेन्शन येते मला. दोन वेळचं घरी शिजतं. अन्नाची ददात कधीच नव्हती हो! सणाला एकटीनं जेवायचा कंटाळा यायचा. खालून तुमच्या पंगतीचं हसणं ऐकू यायचं आणि मी तुमचंच ताट घेऊन भिंतीकडे बघत बसायचे. एकदा तरी म्हणालात, खाली या म्हणून?"

ठिणगीला असा संताप आला की कुबडी भिरकावावीशी वाटली. पण कुणावर भिरकावणार? बाई खरं बोलत होत्या आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

"अहो, मग बोलायचं नाही का?" तो ओरडला.

"थांबलात कधी?"

तो खालच्या दाराकडे वळून गरजला, "ऐकलंस का? आणखी एक पान मांड! या येताहेत जेवायला!"

"मी कुठे येते म्हणाले?" नर्सबाई म्हणाल्या. "आधी विचारा."

ठिणगीनं दात-ओठ खाल्ले. मान वर करून, कपाळाची शीर ताणून त्यानं विचारलं, "जेवायला येता का?" आवाज इतका चढला होता, की कुणाचं भांडण जुंपलं ते बघायला समोरची दारं उघडली.