तिसऱ्या बेसला न लागलेला पाय

ईशानचा पाय तिसऱ्या बेसपासून वीतभर लांब पडला. माझ्या डोळ्यांसमोर पडला. मी स्वच्छ पाहिलं आणि काहीच बोललो नाही.

तो तसाच पळत होम प्लेटवर पोचला. त्याच्या टीमने डगआऊटमधून उड्या मारल्या. सेमीफायनल होती, शेवटची इनिंग होती, स्कोअर बरोबरीत होता. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. आईबाप कुंपणाला धरून ओरडत होते. मी खिशातून छोटा ब्रश काढला आणि होम प्लेट झाडायला लागलो. प्लेट स्वच्छच होती.

मी त्या गेमचा एकटा अंपायर होतो, म्हणून हे जरा समजावून सांगायला हवं. मी समजावून फार सांगतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. पण इथे इलाज नाही.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं असतात. तीन बेस आणि चौथी होम प्लेट. खेळाडू ती सगळी ओळीने शिवून आला की एक रन. एखादा बेस शिवायचा राहिला, तर तो आऊट होऊ शकतो. होऊ शकतो, होतोच असं नाही. समोरच्या टीमला अपील करावं लागतं. चेंडू हातात घेऊन बेसवर पाय ठेवायचा आणि अंपायरला सांगायचं, याने हा बेस शिवला नाही. मग अंपायर आऊट देतो. अपील झालं नाही तर रन खरा धरायचा. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागून झेल गेला तरी कोणी विचारल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. तसंच हे.

म्हणजे मला सगळं माहीत होतं, आणि माझं काम होतं ते कळू न देणं. शब्दाने नाही, चेहऱ्यानेही नाही.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की लोक म्हणतात, हा कसला अधिकार? मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

ही २००५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, एडिसनला राहत होतो. मी दहा वर्षांचा असताना आम्ही इचलकरंजीहून इथे आलो. बाबा तिथे मागावर काम करायचे, इथे एका ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या खोलीत माल लावायचे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. तिथे कोणता फॉर्म कोणाला द्यायचा, प्रोफेसरांना भेटायला न विचारता जायचं की विचारून, यातलं काहीच घरी कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी सगळं पुस्तकात वाचून करायचो. अंपायर झालो तोही तसाच. मुलांच्या बेसबॉल लीगला माणूस हवा होता, मी नियमांचं पुस्तक परीक्षेसारखं पाठ केलं.

कोणत्या अंपायरला कोणती गेम द्यायची हे वॉल्ट ठरवायचा. तो रिटायर्ड पोस्टमन होता. लहान मुलांच्या गेम्स मी दोन सीझन केल्या होत्या. पुढच्या वसंतात मला हायस्कूलच्या हव्या होत्या. त्या संध्याकाळी असायच्या, माझे क्लास सुटल्यावर जमायच्या, आणि पैसेही बरे मिळायचे. नाही मिळाल्या तर मला बाबांच्या स्टोअरमध्येच कॅश रजिस्टरवर उभं राहावं लागलं असतं, आणि तिथल्या शिफ्ट क्लास बघून लागत नाहीत. वॉल्ट म्हणाला होता, “सेमीफायनल बघायला येतो. मग ठरवू.”

तो आला होता. कुंपणाबाहेर फोल्डिंग खुर्ची टाकून बसला होता.

त्यानेच मला शिकवलं होतं की असा बेस चुकला की अंपायरने लगेच मैदान सोडायचं नाही, आणि काहीतरी उरलंय असं दाखवत रेंगाळायचंही नाही. “चेहरा पोस्टाच्या पेटीसारखा ठेव,” तो म्हणायचा. “आत काय आहे ते बाहेरून दिसता कामा नये.” म्हणून मी प्लेट झाडत होतो.

अपीलची मुदत कधी संपते, याचाही नियम आहे. शेवटच्या रनवर गेम संपल्यासारखी वाटली, तर हरलेल्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि बेसजवळचे खेळाडू मैदानाच्या आतल्या भागातून बाहेर जाईपर्यंत अपील करता येतं. पिचर गेला. फर्स्ट बेसवाला गेला. मधले दोघे मान खाली घालून गेले. उरला एकटा थर्ड बेसवाला. तो तिसऱ्या बेसवर बसला होता, टोपी तोंडावर ओढून, रडत. त्याचं नाव नील. फटका गेला तेव्हा तो आऊटफील्डमधून येणारा थ्रो घ्यायला लांब पळाला होता, ईशानकडे त्याची पाठ होती. त्याने काही पाहिलं नव्हतं. आणि चेंडू अजून त्याच्याच ग्लव्हमध्ये होता.

चेंडू हातात, बसलाय बेसवर. फक्त तोंड उघडायचं बाकी होतं.

मी मनात म्हणत होतो, ऊठ बाबा, जा आईकडे. आणि लगेच वाटायचं, असं मनात म्हणणंही बरोबर नाही. अंपायरला कोणीही जिंकलेलं चालायला हवं. पण मला ती गेम संपायला हवी होती, एवढं खरं.

तेवढ्यात कुंपणाचं गेट उघडलं आणि शिरीषकाका आत आले.

शिरीषकाका म्हणजे ईशानचे वडील. मूळचे पुण्याचे, एका बँकेच्या आयटीमध्ये होते. माझे कॉलेजचे फॉर्म त्यांनी भरून दिले होते. दोन शनिवार आमच्या किचन टेबलवर बसून, बाबांना प्रत्येक ओळ मराठीत समजावून. बाबा त्यांना साहेब म्हणायचे, ते बाबांना म्हणायचे, “अहो, साहेब काय, आपण सगळे एकाच विमानाने आलेले.” चांगला माणूस. त्या क्षणी मला तो अजिबात नको होता.

गेम चालू असताना पालकांनी मैदानात यायचं नसतं. पण गेम चालू आहे हे फक्त मला आणि वॉल्टला माहीत होतं. काका हसत थेट माझ्याकडे निघाले, तिसऱ्या बेसच्या बाजूने. मी त्यांना अडवायला पुढे गेलो आणि आमची गाठ पडली ती नीलपासून चार हातांवर.

“शाब्बास रे!” ते मराठीत म्हणाले.

“काका, कुंपणाबाहेर थांबा. प्लीज.”

गेम संपलेली नाही, असं मी म्हणू शकत नव्हतो. ते कोणी ऐकलं असतं तर तीच खूण झाली असती.

“जातो रे, जातो. फक्त थँक्यू म्हणायला आलो.”

“काका, प्लीज. नंतर.”

“नंतर कसलं? अरे, पाय लागलाच नव्हता त्याचा! मी तिथूनच बघत होतो, माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, संपलं, आता हा आऊट देतो. तू पण बघितलंस. बघितलंस ना? आणि आपला मुलगा म्हणून गप्प बसलास.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “विसरणार नाही हां मी हे.”

मी ब्रश घट्ट धरून उभा होतो. काय बोलणार? हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तर खोटं. नियम समजावून सांगायला गेलो असतो तर तिथेच सगळं उघड झालं असतं. आणि हे गृहस्थ अगदी निश्चिंत होते. मराठीत बोलतोय, इथे कोणाला कळतंय!

नीलने तोंडावरची टोपी काढली.

नीलचं आडनाव अमेरिकन, केस भुरे. त्याची आई नागपूरची आहे हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. तो बेसवर उभा राहिला, ग्लव्हमधला चेंडू मला दाखवला आणि नाक पुसत इंग्लिशमध्ये म्हणाला, “अंप, त्याने थर्ड बेस शिवला नाही.”

आता मला फक्त एकच प्रश्न होता. मी काय पाहिलं? काका काय म्हणाले, नीलला कुठून कळलं, याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही. मी उजवी मूठ वर केली. “आऊट!”

तो तिसरा आऊट होता, म्हणजे इनिंग संपली. रन रद्द. स्कोअर पुन्हा बरोबरीत.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत, कारण सगळे एकदम बोलत होते. ईशानच्या टीमचा कोच गॅरी माझ्या नाकापर्यंत आला. एरवी तो इन्शुरन्स विकतो आणि फार गोड बोलतो.

“तू त्या पोराला सांगितलंस! तुमच्या भाषेत! सगळ्यांनी पाहिलं!”

“मी त्याच्याशी बोललो नाही, सर. नियम असा आहे की...”

“मला नियम शिकवू नकोस! आधी गप्प बसलास, हा माणूस येऊन तुझ्या कानाला लागला, आणि मग आऊट?”

मी त्याला अपीलचा नियम सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून. तो ऐकत नव्हता, तरी मी सांगत होतो. ही माझी सवयच. वॉल्ट कधी आत आला कळलं नाही.

“पुरे,” तो मला म्हणाला. मग काकांकडे बोट केलं. “हे तुला काय म्हणाले? शब्द न् शब्द सांग.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते मराठीत हळूच म्हणाले, “सांग ना, अभिनंदन करत होते म्हणून.”

मला आमचं किचन टेबल दिसलं. खरंच दिसलं. आणि कुंपणाशी ईशान उभा होता, हेल्मेट हातात घेऊन.

मी इंग्लिशमध्ये सांगितलं. ते म्हणाले की पाय लागला नव्हता, आणि आमच्या लोकांतला मुलगा म्हणून मी गप्प बसलो, त्याबद्दल थँक्यू. मी म्हणालो, बाहेर थांबा. एवढंच.

गॅरीचं तोंड उघडं राहिलं. तक्रार नक्की कोणाची करायची, हे त्याला कळेना.

“बाबा, सीरियसली?” ईशान म्हणाला. “यू गॉट मी आऊट?”

वॉल्ट नीलकडे वळला. “तुला कोणी सांगितलं?”

“या अंकलने.” नीलने काकांकडे हात केला. “माझी आजी असंच बोलते. मला बोलता येत नाही, पण सगळं कळतं. अंप फक्त प्लीज प्लीज म्हणत होता.”

वॉल्टने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, “आऊट म्हणजे आऊट. खेळा.”

जादा इनिंगमध्ये नीलच्या टीमने दोन रन काढले. ईशानच्या टीमला एकही निघाला नाही. गेम खरोखर संपली. या वेळी मी प्लेट झाडली नाही.

पार्किंग लॉटमध्ये काका माझ्या गाडीपाशी थांबले होते. ईशान त्यांच्या व्हॅनमध्ये हेडफोन लावून बसला होता.

“मला सगळ्यांसमोर चोर ठरवलंस तू,” काका म्हणाले.

“काका, मी गप्प बसलो ते ईशानसाठी नव्हतं. कोणीही असता तरी बसलो असतो. कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा नियमच आहे.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार होतो? तुम्ही आत आलात तेव्हा?”

त्यांनी व्हॅनमधल्या ईशानकडे पाहिलं. “म्हणजे मी आलोच नसतो तर?”

“तर तो मुलगा उठून गेला असता, आणि तुम्ही जिंकला असता.”

हे सांगायला नको होतं, असं मला बोलल्यावर वाटलं. काकांनी व्हॅनचं दार उघडलं, बंद केलं, परत माझ्याकडे आले. “आणि खोटं पकडायला मराठी कळणारं तिथे कोणी नसतं तर? तरी विचारल्यावर खरंच सांगितलं असतंस?”

“हो,” मी म्हणालो. पण जरा वेळ लागला, आणि तो वेळ त्यांच्या लक्षात आला. ते मान हलवून निघून गेले. गणपतीत भेटले तेव्हा त्यांनी कॉलेजचं विचारलं, पण बेसबॉलचं नाही. बाबा अजून म्हणतात, साहेबांना तसं सगळ्यांपुढे बोलायला नको होतं. बाबांशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉल्टचा फोन आला. मी शाळेतल्या मुलासारखा उभा राहून घेतला.

“निर्णय बरोबर होता,” तो म्हणाला. “गॅरीला लेक्चर दिलंस ते चूक. कोच भांडतो तेव्हा त्याला माहिती नको असते.”

“हो, सर.”

“हायस्कूलच्या गेम्स देतो तुला.”

“थँक्यू, सर.”

“पण या गावात नाही,” वॉल्ट म्हणाला. “एक सांग. तुझे इथे किती अंकल आहेत?”

मी खरंच विचार केला. देवळातले, स्टोअरमधले, बाबांच्या ओळखीचे, ईशानच्या टीममधल्या बाकी मुलांचे वडील.

“सगळेच, सर.”

“मला वाटलंच,” तो म्हणाला, आणि माझ्या गेम्स त्याने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पार दुसऱ्या टोकाला लावल्या.

त्या मी पुढचे तीन सीझन केल्या. क्लास सुटला की ट्रॅफिकमधून पळत जायचो, गाडीतच युनिफॉर्म चढवायचो. नवीन अंपायर मला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो की घरापासून लांबचं मैदान मागून घ्या. पेट्रोलला जास्त पैसे जातात. लोक तिथेही आंधळा म्हणतात, गाडीपर्यंत ओरडत मागे येतात. पण आभार मानायला कोणी येत नाही.