मागची सीट मीच काढली होती

मित्रांनो, लातूरच्या दवाखान्यात आयसीयूबाहेर बसून लिहून राहिले.

माझी स्पोर्ट बाईक मी रेसिंग ट्रॅकसाठी तयार करतेय, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत हाय. हेडलाइट, आरसे, साइड स्टँड, मागची सीट, मागचे फूटरेस्ट, सगळं काढून फायबरची बॉडी बसवली. ट्रॅकवर वजन कमी लागतं. पण घरात गाडी तीच एक.

आज दुपारी चाकूरला घरी अब्बांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम. ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. मी गाडी चालू केली, अब्बांना हाताला धरून बाहेर आणलं, आणि तेव्हा कळलं, यांना बसवायला जागाच न्हाई.

गाडी तशीच भिंतीला टेकवली. अब्बांना सावरत हायवेला आले आणि नांदेडहून येणाऱ्या एसटीला आडवी गेले. ड्रायव्हरकाकांनी अब्बांचा चेहरा बघितला.

"चढव पोरी लवकर. आता कुठंच थांबायचं न्हाई, थेट दवाखान्याच्या दारात."

एकही प्रवासी कुरकुरला न्हाई.

माझ्या मांडीवर डोकं ठेवून अब्बा पुटपुटले, "रडू नको बेटा. तुझ्या मागं बसलो असतो तर पडलोच असतो."

डॉक्टर म्हणतात, आजची रात्र अवघड हाय. अजून भेटू देत न्हाईत.

अब्बा खरं बोलले का मला धीर दिला, समजंना झालंय. तुमच्यापैकी कुणी घरातली एकुलती गाडी ट्रॅकसाठी खोलली असंल तर सांगा, आधी घरच्यांना विचारलं होतं का? मी न्हाई विचारलं.