तिसऱ्या खांबावरची काकू

पुलाच्या मधोमध आल्यावर काकू थांबली आणि चपलेतला खडा काढायला म्हणून कठड्याला टेकली. खडा नव्हता. तरी तिने चप्पल उलटी करून आपटली, परत पायात घातली आणि म्हणाली, "चल बाई. तुझ्या बापाला घाई असेल."

घाई होतीच. माझे वडील, अण्णा, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "वहिनी आली का?" वहिनी म्हणजे ही काकू, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. ती नदीपलीकडे एका खोलीत एकटी राहते. आजी गेल्यापासून तिने आमच्या घराची पायरी चढलेली नाही. अण्णांना तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की माफ केलं. ते ऐकल्याशिवाय आपला जीव जायचा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून मी तिला आणायला गेले होते. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाली, "जुन्या पुलावरून चालत जाऊ. आता तोडायला घेणार आहेत म्हणे."

जुन्या पुलावर आता गाड्या नसतात. हायवे शेजारच्या नव्या पुलावरून जातो, सहा पदरी. जुन्याच्या दोन्ही तोंडांना पिंपं आडवी लावली आहेत, माणूस अंग चोरून जाऊ शकतो. डांबराला भेगा पडल्या आहेत. काकू चालताना पायाने कडेची माती उकरून बघत होती.

"बघ, पाणी जायची भोकं बुजली. मी असते तर बुजली असती का?"

"नाही बुजली."

"उगीच हो ला हो करू नकोस. शेवटी शेवटी मीही टाळाटाळच करायचे."

ती खरंच याच पुलावर होती, रस्त्याच्या गँगमध्ये. जन्मभर पूल झाडला. सांध्यात अडकलेली खडी काढायची, भोकं मोकळी करायची, कठड्याला चुना मारायचा. ट्रकवाले तिच्या अंगावर पानाच्या पिचकाऱ्या टाकायचे. एकदा एका ट्रकचा आरसा खांद्यात बसला, तेव्हापासून तिचा उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. "केस विंचरायचा त्रास वाचला," असं ती सांगते. कोणी हसलं नाही तर स्वतःच हसते.

हा पूल झाला त्याच्या आधी इथे नाव होती, आणि खालच्या अंगाला फरशी. फरशी म्हणजे पात्रातला बुटका रस्ता, पाणी वाढलं की बुडायचा. मग पुलाचं काम निघालं. माझे काका आणि अण्णा, दोघे भाऊ, त्या कामावर लागले. नदीतला खांब पाण्यात असा सरळ उभा करता येत नाही. आधी काँक्रीटची मोठी पोकळ विहीर बांधतात. आत उतरून माणसं माती काढतात, तसतशी ती विहीर आपल्याच वजनाने खाली बसत जाते. खडक लागला की तळ काँक्रीटने बंद करायचा, वर वाळू भरायची, झाकण घालायचं आणि झाकणावर खांब.

विहिरीच्या तोंडाशी एक फळी होती, खिळे मारलेली. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी म्हणजे विहीर रिकामी. ज्याचा त्याने काढायचा, असा कडक नियम. पण सुटीच्या वेळी फळीपाशी झुंबड उडायची. मग जो आधी वर येईल तो आपल्याबरोबर भावाचा, मित्राचा बिल्ला काढून घ्यायचा आणि बाहेर त्याच्याकडे फेकायचा. सगळेच करायचे. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा.

तिसऱ्या खांबाच्या विहिरीत एके दिवशी दुपारी कडेखालून वाळू आणि पाणी एकदम उसळलं. अण्णा शिडीजवळ होते. काका पलीकडच्या कडेला, खाली वाकून माती ओढत होते. जो तो शिडीवर चढला. अण्णा वर आले आणि हाताला सवय होती म्हणून दोन बिल्ले काढले, आपला आणि भावाचा. मुकादम धावत आला, त्याने फळी बघितली. फळी रिकामी. "सगळे वर," तो ओरडला. बघता बघता विहीर पाण्याने भरली. साहेबांनी ठरवलं, खडक लागलाच आहे, पाणी उपसत बसायचं नाही, सकाळी पाण्यातूनच नळ सोडून तळाला काँक्रीट ओतायचं.

अण्णांना वाटलं, दादा गर्दीत असेल. टपरीवर असेल. संध्याकाळपर्यंत वाटायचं बंद झालं. हे सगळं त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं, मी पेज भरवत होते तेव्हा. मी विचारलं, तेव्हाच बोलला का नाहीत? म्हणाले, "आधी नोकरीची भीती वाटली. मग फाशीची. मग वहिनीची."

म्हणून त्यांनी घरी सांगितलं, दादा नाक्यावरून गाडी पकडून गेला, रागात होता. त्या सकाळी काका-काकूंचं डब्यावरून वाजलं होतं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. गोष्ट चपखल बसली. दुसऱ्या दिवशी तळ बंद झाला.

पुढे काकूचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ना नवऱ्याची, ना नवऱ्यावाचूनची. जिभेने नवरा पळवलेली बाई, अशी तिची ओळख झाली. नळावर बायका म्हणायच्या, "हिच्याशी जपून बोला गं, आपलेही पळतील." आजीची तऱ्हा आणखी वेगळी. ती रोज पहिलं ताट काकांचं वाढायची आणि दाराकडे तोंड करून ठेवायची. सगळ्यांची जेवणं झाली, ताट गार झालं, की तेच काकूपुढे सरकवायची. "तुझ्यामुळे उरलंय, तूच संपव." काकू संपवायची. अण्णा समोर बसून हात धुवायचे. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही, की आई, आज तिला ऊन वाढ.

मी रोज देवापुढे हात जोडते, अण्णांसाठीही जोडते. पण ते ताट आठवलं की हात आपोआप सुटतात.

तिथून थोडं पुढे गेल्यावर काकू परत उभी राहिली. "हा तिसरा," ती म्हणाली. "वाकून बघू नकोस, चक्कर येईल. तुमच्या घराण्यात आहे ना ती."

अण्णा या पुलावर कधी चढले नाहीत. उंचीची चक्कर येते म्हणायचे. नाव होती तोवर नावेने गेले, नाव बंद झाली तेव्हा लांबचा वळसा घालून फरशीवरून. घरात सगळ्यांनी ते मानलं होतं.

मी म्हटलं, "काकू, अण्णांना तुला काही सांगायचंय."

"बिल्ला त्याच्या खिशात होता, हेच ना?"

ती कठड्याला हात लावून उभी होती, दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या सुनेबद्दल बोलावं तशी बोलत होती.

"त्या संध्याकाळी कपडे मी धुतले. सगळ्या घराचे मीच धुवायचे. त्याच्या शर्टाच्या खिशात यांचा बिल्ला. मी विचारलं, भाऊजी, हा यांचा ना? तर म्हणाला, दादानेच दिला जाताना. मी पुसला, कोरडा केला आणि त्याच्या हातात ठेवला. माझ्या हाताने. तेव्हा विहिरीत नुसतं पाणी होतं गं. सकाळपर्यंत नुसतं पाणीच होतं."

"तुला तेव्हा कुठे माहीत होतं?"

"नव्हतंच. पूल खुला झाला तेव्हा कळलं. फीत कापली, सगळं गाव नाचत पलीकडे गेलं, आणि हा मागे उभा. बांबूच्या परांचीवर चढून आभाळात काम केलेला माणूस, म्हणे चक्कर येते. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. झालं. आणखी काय कळायचं असतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? फळी म्हणत होती सगळे वर. सख्खा भाऊ म्हणत होता गाडीत बसला. आणि बोलणारी कोण, तर नवरा पळवलेली." तिने कठड्यावरची माती तळहाताने झाडली. "गँगमध्ये नाव मी स्वतः मागून घातलं. लोक म्हणाले, टाकलेली बाई, पोट जाळायला आली. म्हटलं म्हणा. खाली हे आहेत, यांच्या डोक्यावर झाडू तर माझाच फिरेल."

नव्या पुलावरून ट्रक गेला की जुना पूलही थरथरत होता. काकूने खाली पात्रात उभ्या यंत्रांकडे हनुवटी केली. "परवा इथल्या साहेबाला विचारलं. म्हटलं, खांब कुठवर तोडणार? तर म्हणाला, पात्राच्या तळापर्यंत, आजी. म्हटलं, त्याच्या खालचं? म्हणाला, खाली काय आहे, वाळू आणि दगड, ते राहू दे. चांगला मुलगा आहे. मला खुर्ची दिली."

"तू त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगून? तो बिचारा काम थांबवेल, वरचा साहेब त्याला घरी बसवेल, आणि तुझ्या बापाला विचारायला येतील तर हा छातीला हात लावून खोकेल. राहू दे. हे आहेत तिथे आहेत."

मग ती चालू लागली, आणि मला बरं वाटलं. वाटलं, मनातलं निघालं, आता येईल. घरात शिरेल, दोन शब्द बोलेल आणि अण्णा सुटतील. तेवढंच हवं होतं मला. बाप कसाही असो, रात्रंदिवस त्याची ती घरघर ऐकवत नाही. मी देवाचं नाव घेत तिच्या पावलाशी पाऊल जुळवत होते. मधूनच म्हटलं, "काकू, नुसतं माफ केलं म्हण. मनापासून नसलं तरी चालेल."

"खोटं? ते मला नाही जमत. ते तुमच्या घरात जमतं."

"ते सुटतील गं."

"मला माहीत आहे."

पुलाच्या तोंडाशी पिंपांपर्यंत आलो. मी अंग चोरून आधी बाहेर पडले आणि तिचा हात धरायला वळले. ती आतच उभी होती.

"ये ना, हात दे."

"मी इथवरच."

"मग एवढं चालत कशाला आलीस?"

"पूल बघायला. तुला काय वाटलं?"

मला रडू आलं. रस्त्यावर आल्या-गेल्यांनी बघावं असं नको होतं, तरी आलं. म्हटलं, "काकू, तो मरतोय. देव बघतोय सगळं."

"बघू दे. तेव्हाही बघतच होता."

तिने पिंपावरून हात पुढे केला आणि माझा खांद्यावरून सरकलेला पदर नीट केला, लहानपणी शाळेत जाताना माझी कॉलर करायची तसा. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

"माझं एक काम कर. मी येणार नाही, असं त्याला सांगू नकोस. नाही म्हटलं की आशा सुटेल, आणि आशा सुटली की तोही सुटेल. त्याला म्हण, वहिनी निघालीये. उद्या विचारेल, उद्याही तेच म्हण. मीठ घालून पेज भरव, औषध वेळेवर दे, काही कमी करू नकोस. जीव अडकलाय म्हणतेस ना? राहू दे अडकलेला. एवढं करशील माझ्यासाठी?"